द्वादशीचा पेशंट

दर पंधरा दिवसांनी, संध्याकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास, बिंदुमाधवराव मरायला लागायचे. आधी तळपाय गार पडायचे. मग मानेतून डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायचं, मग छातीत धडधड, अंगाला दरदरून घाम, आणि शेवटी ती खात्री, की झालं, आता काही आपण उरत नाही. अशा वेळी माणूस काय करेल? बिंदुमाधवराव आधी गॅस बंद आहे का बघायचे. देवघरातली समई शांत करायचे, दाराला कुलूप लावून ते दोनदा ओढून बघायचे, आणि मग कोपऱ्यावर रिक्षा थांबवून लवकर दवाखाना गाठायला कन्नडात सांगायचे, "आस्पत्रे. बेगा."

मरणाच्या दारातला माणूस कुलूप ओढून बघतो का, असं कुणी विचारेल. हे बघायचे. छत्तीस वर्षं त्यांनी घड्याळाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. डोळ्याला भिंग लावून बसायचं, आणि चाकाचा एखादा दाता केसभर जरी कमी-जास्त निघाला तरी ते चाक लाल ट्रेमध्ये टाकायचं, हे काम. पुढं लोकांनी मनगटावरची घड्याळं काढून खिशात मोबाइल घातले, कारखाना बंद पडला, हे घरी आले. पण डोळ्याचं भिंग काही उतरलं नाही. भाजीवाल्याची काकडीसुद्धा ते उजेडात धरून बघायचे.

तर असा माणूस दर पंधरा दिवसांनी बेंगळुरात, जयनगरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जाऊन पडायचा, आणि तिथले डॉक्टर त्याचा ईसीजी काढून, रक्त तपासून, "सगळं नॉर्मल आहे" म्हणून घरी पाठवायचे. यावर बिंदुमाधवरावांचा काडीचाही विश्वास नव्हता. सगळं नॉर्मल असेल तर मग पंधरा दिवसांनी पुन्हा तेच का होतं? त्यांच्या हिशेबी माल सरळसरळ नापास होता, आणि ही मंडळी त्यावर पासचा शिक्का मारून परत पाठवत होती.

आता यातली खरी गोम सांगायची तर थोडं मागं जायला हवं.

चार वर्षांपूर्वी त्यांची बायको, कमला, गेली. पहिली दोन वर्षं त्यांनी रेटली. स्वयंपाक शिकले, सोवळ्यातलं पाणी स्वतः भरायला लागले. मग एके दिवशी बँकेच्या रांगेत उभे असताना त्यांना उगाचच भीती वाटली. कसली म्हणाल तर कसलीच नाही. पुढं बसमध्ये वाटली, मग लग्नाच्या हॉलमध्ये वाटली, मग घराबाहेर पडायचीच वाटायला लागली. शेवटी कुणाला न सांगता ते मनाच्या डॉक्टरकडे गेले, तेही शहराच्या दुसऱ्या बाजूला, राजाजीनगरला. जयनगरात असे डॉक्टर काय कमी आहेत? पण जयनगरात ओळखीचे डोळेही कमी नाहीत. त्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि एक गोळी लिहून दिली: रोज एक, रात्री जेवणानंतर. गोळी लागू पडली. दोन महिन्यांत बिंदुमाधवराव बँकेत जाऊन, रांगेत उभे राहून, कॅशियरशी हुज्जत घालून परत आले.

इथवर सगळं ठीक. पण बिंदुमाधवराव माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या पंथातले वैष्णव, आणि माध्वांची एकादशी म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे. दशमीला दुपारी एकदाच जेवायचं. एकादशीला पाण्याचा थेंबही नाही. द्वादशीला उजाडताच पारणं, तेही एकदाच. रात्री पुन्हा काही नाही. म्हणजे महिन्यातून दोनदा, सलग तीन रात्री त्या घरात रात्रीचं पान म्हणून वाढलंच जात नाही. सेहेचाळीस वर्षं त्यांनी हे पाळलं होतं, आणि चिठ्ठीवर तर लिहिलेलं, रात्री जेवणानंतर. तपासनिसानं ते शब्दशः घेतलं. जेवण असेल तर गोळी. जेवणच नाही, तर गोळी कसली?

तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या आलं नाही. कारण त्यांच्या लेखी मनाचं दुखणं राजाजीनगरला होतं आणि हृदयाचं जयनगरात, आणि कारखान्यात डायलवाल्यानं स्प्रिंगवाल्याच्या टेबलात कधी नाक खुपसायचं नसतं. राजाजीनगरच्या डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी विचारलं की हे सांगायचे, भीती गेली, उत्तम आहे. छातीची गोष्ट त्यांना कशाला सांगायची?

आणि जयनगरात गोळीची गोष्ट सांगायची सोय उरली नव्हती. तशी पहिल्या खेपेला त्यांनी ती प्रामाणिकपणे सांगितली होती. तरुण डॉक्टर होता, त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभा. काय काय औषधं घेता, असं त्यानं विचारलं. यांनी बीपीची गोळी सांगितली आणि मग आवाज खाली आणून या गोळीचं नाव सांगितलं. बिंदुमाधवरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की नाव ऐकताच त्याचा स्टेथोस्कोप छातीवरून उचलला गेला. तो नर्सला इंग्रजीत काहीतरी म्हणाला, आणि यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. पाय मुरगळलेला एक माणूस नंतर येऊन, पट्टी बांधून, आधी घरी गेला. हे अडीच तास बसून होते. त्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. पुढं कुणीही औषधं विचारली की एकच उत्तर: "बीपीची." त्यानं फारसा फरक पडला नाही, कारण तोवर ते तिथले 'नेहमीचे' झाले होते, आणि नेहमीच्या माणसाला कुणी नव्यानं काही विचारत नाही.

एक कौशल्या तेवढी विचारायची. ती नोंदणीच्या काउंटरवरची बाई, पन्नाशीची, मराठ्यांच्या घरातली. तिचंही घर पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. तिला यांचं मराठी पोथीतल्यासारखं वाटायचं आणि यांना तिचं रांगडं. दोघंही एकमेकांच्या मराठीला मनातल्या मनात हसायची. ती त्यांना 'सार' म्हणायची आणि हे तिला, वयानं पंधरा-सोळा वर्षांनी लहान असूनही, 'कौशल्याक्का' म्हणायचे. "काय सार, जेवलात का? स्वल्प पाणी घ्या," एवढंच ती बोलायची, पण त्या खोलीत तेवढं बोलणारंही दुसरं कोणी नव्हतं.

तिनं नाव नोंदवलं की एक गोष्ट आपोआप घडायची. सर्जापूर रोडवर, सतराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये किंवा जवळच्याच ऑफिसात, श्रीवत्सच्या मोबाइलवर एसएमएस जायचा, की आपले रुग्ण आपत्कालीन विभागात दाखल झाले आहेत. श्रीवत्स म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. मग तो असेल तिथून निघायचा आणि त्या वेळच्या ट्रॅफिकमधून दीड तासानं पोचायचा. तोवर यांना इंजेक्शन देऊन झालेलं असायचं, धडधड उतरलेली असायची, आणि हे खुर्चीत शांतपणे पेपर वाचत बसलेले दिसायचे. मुलाला काय वाटत असेल, सांगा.

श्रीवत्स वाईट मुलगा नव्हता. सुप्रीता, त्याची बायको, तीही नव्हती. तिनं सासऱ्यांना आपल्याकडे आणून महिनाभर ठेवून घेतलं होतं. पण सतराव्या मजल्यावर बिंदुमाधवरावांना खिडकीजवळ जाववेना, आणि स्वयंपाकघरातल्या कांद्याच्या टोपलीशी त्यांचं काही जमेना. ते परत जयनगरला आले. एसएमएस चालूच राहिले. मागच्या खेपेला संहिताचा, म्हणजे नातीचा, शाळेत कार्यक्रम होता. तो अर्ध्यावर सोडून श्रीवत्स आला. परतताना गाडीत त्यानं रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "अण्णा, माझ्याच्यानं आता होत नाही."

शहराबाहेर, देवनहळ्ळीच्या पुढं, जिथं काल-परवापर्यंत द्राक्षाचे मळे होते, तिथं वृद्धांसाठी एक नवी जागा झाली होती. चोवीस तास नर्स, दारात ॲम्ब्युलन्स, पलंगाशी घंटा. श्रीवत्सनं तिथली एक खोली बघून ठेवली होती. जयनगरचं घर भाड्यानं द्यायचं. "मी आजच म्हणत नाही," तो म्हणाला. "पण पुढचा एसएमएस आला की मी काही विचारणार नाही. सरळ बॅग भरायला येईन. कबूल?"

बिंदुमाधवराव कन्नडात "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण त्यांना ते घर सोडायचं नव्हतं. तिथली चूल त्यांची होती, देवघर त्यांचं होतं, सकाळी अंघोळ करून ओलेत्यानं पाणी भरताना त्यांना हटकणारं कुणी नव्हतं. ते घर गेलं तर आपण कुणाच्या तरी खोलीत ठेवलेलं सामान होऊ, असं त्यांना वाटत होतं, आणि त्या विचारानंच त्यांची झोप उडाली होती.

पंधरा दिवस सरले. दशमी झाली, एकादशी झाली. द्वादशीच्या संध्याकाळी सव्वासहाला तळपाय गार पडले.

त्यांनी ठरवलं, जायचं नाही. देवासमोर बसून जप करून पाहिला. सातला डोक्यात करंट सुरू झाला, साडेसातला बोटं आखडायला लागली. रुग्णालयात गेलं तर घर जाणार आणि घरी बसलं तर जीव जाणार. तपासनिसाच्या डोक्यानं यातूनही वाट काढली. खिशातलं पाकीट, आधार कार्ड, मोबाइल, नाव सांगेल असं जे जे काही होतं ते सगळं त्यांनी घरी काढून ठेवलं, रिक्षापुरत्या नोटा घेतल्या, आणि रुग्णालयाच्या गेटाबाहेर, शहाळीवाल्याच्या शेजारच्या कट्ट्यावर जाऊन बसले. पडलोच तर कुणीतरी उचलून आत नेईल, आणि नाव माहीत नसल्यामुळे एसएमएस कुठं जाणार नाही!

कौशल्या चहा पिऊन परत येत होती, तिला ते दिसले.

"सार, इथं काय करताय? आत या."

"काही नाही. सहज बसलोय."

"सहज? शर्ट बघा तुमचा, पिळला तर बादली भरेल. उठा, उठा."

"कौशल्याक्का, नाव लिहू नका." बिंदुमाधवरावांनी खरोखरच हात जोडले. "मुलाला कळलं तर मला देवनहळ्ळीला पाठवणार आहे. नाव तेवढं लिहू नका. मी इथंच बसतो. तुमचं दार इथून दिसतं, तेवढ्यानं बरं वाटतं."

"आणि इथं फुटपाथवर पडलात म्हणजे?"

"म्हणून तर गेटाजवळ बसलोय."

"अय्यो, काय माणूस आहे हा!" कौशल्या म्हणाली, आणि शहाळीवाल्याला जरा सरकायला सांगून तीही कट्ट्यावर बसली. त्यांचं मनगट धरून तिनं नाडी बघितली. म्हणजे इतक्या वर्षांत बघून बघून तिला जेवढी कळत होती तेवढी. मग म्हणाली, "आज द्वादशी ना?"

बिंदुमाधवराव चमकले. द्वादशी लक्षात ठेवणारी माणसं आता त्यांच्या घराण्यातही फार उरली नव्हती.

"मागच्या आठवड्यात वरच्या ऑफिसातून फर्मान आलं," कौशल्या सांगायला लागली. "जी माणसं सारखी सारखी इथं येतात त्यांची यादी काढून द्या म्हणे. काढली. अकरा नावं निघाली. कुणी पिऊन येतो, कुणी हात कापून घेऊन येते, एक पोरगी तर नुसती रडायला येते. त्यात तुम्ही दुसऱ्या नंबरावर. नुसत्या गेल्या दहा महिन्यांत एकोणीस वेळा. पण सार, बाकीचे दहा जण कधीही येतात. तुम्ही टाइमटेबलनं येता. दोन तारखांच्या मध्ये कधी चौदा दिवस, कधी पंधरा. अमावास्या-पौर्णिमा असेल म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेतलं, तर कुठली अमावास्या? द्वादशी, द्वादशी, द्वादशी. मधेच एक चुकवलीत तेवढी."

"धारवाडला होतो, चुलतभावाकडे," बिंदुमाधवराव म्हणाले. "तिथल्या दवाखान्यात गेलो होतो."

"घ्या! म्हणजे वीस." कौशल्यानं कपाळाला हात लावला. "मला वाटलं, उपासानं साखर उतरत असेल. पण तुमची साखर दर वेळेला नॉर्मल. सार, गोळ्या कुठल्या घेता?"

"बीपीची."

"आणि?"

ते शहाळ्यांकडे बघत बसले.

"तेवीस वर्षं मी त्या काउंटरवर बसते," कौशल्या म्हणाली. "'आणि' म्हटल्यावर गप्प बसणारा माणूस मला कळतो."

शहाळीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेपर्यंत ते थांबले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "एक आहे. मनाची. राजाजीनगरच्या डॉक्टरांची. रोज रात्री जेवणानंतर."

"आणि उपासाला रात्री जेवण नाही."

"नाही."

"मग गोळी?"

"जेवणानंतरची गोळी जेवणाशिवाय कशी घेणार?"

कौशल्यानं बोटांवर मोजलं. परवाची रात्र, कालची रात्र. आजचीही गेलीच असती. डॉक्टरकी तिला येत नव्हती, पण गोळ्या एकदम बंद करून तडफडत आलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. मग तिनं एक साधा प्रश्न विचारला. "आणि बीपीची गोळी? तीही सकाळी नाश्त्यानंतरचीच असेल ना? एकादशीला ती सोडता का?"

"छे! ती कशी सोडेन?" बिंदुमाधवराव ठसक्यात म्हणाले. "ती घेतो, चमचाभर पाण्याबरोबर. औषधाला दोष नाही. शास्त्रात तशी मुभा आहे. ती औषध आहे."

"आणि ही?"

बिंदुमाधवराव मनातल्या मनात दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून तपासायला लागले. दोन गोळ्या, दोन्ही डॉक्टरांनी दिलेल्या, दोन्ही दुकानातून चिठ्ठी दाखवून आणलेल्या. एक त्यांनी औषध म्हणून घेतली होती, आणि दुसरी ते कमलाच्या शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली लपवून ठेवत होते. बायको काय एकट्या त्यांचीच गेली होती? बाकीचे लोक नाहीत का बँकेच्या रांगेत उभे राहत? ती गोळी म्हणजे आपल्यातला कमकुवतपणा, चोरून तोंडात टाकायची गोष्ट. एकादशीसारख्या दिवशी ती जिभेवर ठेवणं त्यांना नुसतं नियमाबाहेरचं वाटलं नव्हतं, ओंगळ वाटलं होतं. चिठ्ठीवरचं 'जेवणानंतर' हे नुसतं निमित्त होतं. दोन वर्षं ते आपल्या आजाराला आजार म्हणायला तयार नव्हते, आणि त्यापायी दर पंधरा दिवसांनी मरून येत होते. त्यांना स्वतःची लाज वाटली. डोळे भरून आले, आणि कौशल्यासमोर ते पुसायचीही त्यांना लाज वाटली.

"सार, आत यायला हवं," कौशल्या हळूच म्हणाली. "गोळीचं माझं मी काही सांगू शकत नाही, डॉक्टरांनीच सांगायला हवं. आणि आत आलात की नाव लिहावं लागणार. ते मला चुकवता येणार नाही."

म्हणजे एसएमएस जाणार. बिंदुमाधवराव कट्ट्याला हात टेकून उठले.

काउंटरवर रांग होती. कौशल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली, आणि यांची पाळी आल्यावर तिनं नेहमीसारखं नाव टाकलं, वय टाकलं, आणि नियमाप्रमाणे विचारलं की कुठली औषधं चालू आहेत. मागं चार-पाच माणसं उभी होती. बिंदुमाधवरावांनी कन्नडात, सगळ्यांना समजेल अशा आवाजात सांगितलं, "बीपीची गोळी. आणि मनाच्या आजाराची गोळी. ती दोन रात्री घेतलेली नाही."

मागच्या माणसानं मोबाइलवरून नजर उचलली, यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मोबाइलमध्ये घातली. तेवढंच झालं. एवढ्यासाठी आपण दोन वर्षं जिवाचे हाल केले, हे बिंदुमाधवरावांना खरंच वाटेना.

त्या दिवशी ड्यूटीवर डॉक्टर महांतेश होते. त्यांनी गोळीचं नाव ऐकलं, आणि तरीही आधी छाती तपासली, ईसीजी काढला, तो दोनदा बघितला. मग राजाजीनगरच्या डॉक्टरांना फोन लावून बोलले. परत येऊन पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, की ही गोळी अशी मधेच सोडायची नसते. दोन-तीन दिवस चुकली की शरीर बोंब मारतं: घाम, चक्कर, धडधड, डोक्यात करंट. हृदय तुमचं ठणठणीत आहे, पण तुम्हाला जे होत होतं ते खोटं नव्हतं. मग म्हणाले, "आम्हीही विचारलं नाही. नेहमीचे आहेत म्हणून सोडून दिलं. आमचंही चुकलं." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं गोळी आणि अर्धा ग्लास पाणी पुढं केलं.

बिंदुमाधवरावांनी ती घेतली. तासाभरानं पायांत ऊब यायला लागली.

श्रीवत्स आला तेव्हा दहा वाजत आले होते. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पडदा सारून आत आला, स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "अण्णा, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," बिंदुमाधवराव म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं. बँकेची रांग, राजाजीनगर, शिवणाचा डबा, दशमी-एकादशी-द्वादशीच्या तीन रात्री. काही गाळलं नाही. मुलाशी इतकं सलग ते गेल्या दहा वर्षांत बोलले नव्हते.

श्रीवत्स ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मनाचं आहे, हे मला माहीत होतं."

"काय?"

"इथल्या पहिल्याच वेळच्या कागदावर लिहिलं होतं. मी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. सुप्रीतालाही दाखवलं नाही. ऑफिसात सांगतो की वडिलांना हार्टचा त्रास आहे." त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "गोळी चुकते हे मात्र माहीत नव्हतं. ते कळायला विचारावं लागलं असतं."

म्हणजे बापानं मुलापासून लपवलं, मुलानं बापाला कळू दिलं नाही की आपल्याला कळलंय, आणि दोघांनीही एकमेकांची अब्रू राखत दोन वर्षं काढली. 

"बरं झालं, आज कळलं," श्रीवत्स मग म्हणाला. "पण पुढच्या वेळी दुसरं काही निघेल. उद्या जाऊ या आपण. तिथं नर्स गोळी देईल, एकादशीलासुद्धा. तुम्ही एकटे असलात की माझा जीव थाऱ्यावर नसतो, अण्णा." त्यानं मोबाइल काढला. अर्ज भरलेला होता, नुसता पाठवायचा राहिला होता. बोट टेकवता टेकवता तो थांबला, पडद्याबाहेर कुणी आहे का ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "फक्त एक. तिथं हे मनाचं बोलायचं नाही. मी हार्ट लिहिलंय. मनाचे पेशंट ते घेत नाहीत."

"घेत नाहीत?"

"नाही. त्यांची अट आहे."

"दाखव."

बिंदुमाधवरावांनी मोबाइल हातात घेतला. दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. प्रश्न इंग्रजीत होता: मानसिक आजार आहे का? खाली दोन चौकटी. 'नाही'वर खूण होती.

"हे कुणी भरलं?"

"मी."

"खोटं आहे हे. होय कर."

"अण्णा, होय केलं तर खोली जाईल."

"मला समजलं ते. होय कर."

श्रीवत्सनं वडिलांकडे पाहिलं. मग त्यानं आपण टाकलेली ती खूण पुन्हा एकदा पाहिली, आणि घडी घालून खिशात ठेवलेला तो कागद त्याला आठवला असावा, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. "पुढच्या एकादशीला मी जयनगरला येईन," तो म्हणाला. "दशमीपासून तीन दिवस राहीन. गोळी माझ्यासमोर घ्यायची."

"ये."

त्यानं 'नाही'वरची खूण काढली आणि 'होय'वर टाकली. अर्ज पाठवला. पडद्यावर लगेच उत्तर आलं, बहुधा यंत्रानंच दिलेलं, की क्षमस्व, आपला अर्ज स्वीकारता येत नाही. बिंदुमाधवरावांनी ते दोनदा वाचलं. आपल्याला कुणीतरी दाराबाहेर ठेवलंय याचा अपमान त्यांना वाटायचा तेवढा वाटला. मग आपलं घर आपल्याला राहिलं हे हळूहळू ध्यानात आलं, आणि त्यांना उशीत तोंड घालून रडावंसं वाटलं.

"तीन दिवस राहायचं म्हणजे संहितालाही आणावं लागेल," श्रीवत्स मोबाइल खिशात ठेवत म्हणाला. "ती विचारेल, आजोबा एकादशीला पाणी पीत नाहीत, मग आज कसे प्यायले? तिला काय सांगू?"

"सांग," बिंदुमाधवराव म्हणाले, "आजोबा आजारी आहेत. औषध घेतात."